आपली क्रॉस कंट्री टीम यंदा झोनलला काय करणार? माणदेशी मंडळींनी लिहा

माळरान_पळ

नमस्कार मंडळी. ॲडमिशन सुरू झालीयत आणि जिमखान्याच्या सरांनी काल पहिली हजेरी घेतली. मी शाळेवर जायच्या आधी पहाटे सरांना मदतीला असतो हे इथल्या बऱ्याच जणांना माहितीय. काल ग्राउंडवर अकरा मुलं आणि पाच मुली होत्या. आपल्या कॉलेजच्या मानाने ही गर्दीच म्हणायची.

जे गेल्या वर्षी नव्हते त्यांच्यासाठी आधी झोनलचा, म्हणजे आपल्या झोनमधल्या कॉलेजांच्या स्पर्धेचा, हिशोब सांगतो. प्रत्येक टीमचे सहा पळतात, पहिल्या चौघांचे नंबर मोजतात, बेरीज जेवढी कमी तेवढी टीम वर. आपले आले २, ७, १९ आणि ४१. बेरीज ६९, टीम चौथी. जिंकलेल्या टीमचा पहिला गडी आपल्या दोघांच्या मध्ये, पाचवा आला होता, पण त्यांचे चौघे ५, ९, ११, १४, म्हणजे ३९. दुसरी टीम ५२ वर, तिसरी ६१ वर. आपला चौथा गडी २३ वा जरी आला असता तरी आपण ५१ वर दुसरे होतो. हा कागद मी वर्षभर पाकिटात ठेवलाय.

यंदाचं चित्र असं की आपला एक नंबरचा, म्हणजे झोनलला दुसरा आलेला मुलगा टी.वाय.ला आहे, म्हणजे त्याचं शेवटचं वर्ष. सातवा आलेला पोलिसात लागला, त्याचं अभिनंदन पण टीमला खड्डा पडला. एकोणिसावा आहे पण उन्हाळ्यात नडगी दुखावून बसलाय. नवीन पोरांत एक मेंढपाळाचा मुलगा आलाय, अंगावर शाळेचाच शर्ट, पायात साध्या चपला, आणि चढाला त्याचा श्वास वाढलेला ऐकू येत नाही. मला वाटतं यंदा पहिल्या दोनात यायला हरकत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि झोनलला अजून अडीच महिने आहेत, त्यात नेमकं काय करावं?

खटावचा_गडी

पहिल्या दोनात नाही, पहिलेच या लका. एक नंबरच्या पोराला यंदा पहिला येऊ द्या, बाकी आपोआप होतंय.

जिमखाना_९६

खटावकर, आपोआप काही होत नाही. तो पोरगा दुसऱ्याचा पहिला आला तर बेरजेत एक कमी होईल, फक्त एक. आणि त्या एका नंबरासाठी त्याला जीव काढावा लागेल. चौथा गडी ४१ वरून ३० वर आला तर अकरा कमी.

आमच्या वेळी ९६ साली हीच चूक झाली. आमच्यात एक पोरगा होता, पूर्ण झोनमध्ये त्याला जोड नव्हती. तो पहिला आला, आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचत बसलो, आणि नाचता नाचता कळलं की आमचा चौथा अजून ओढ्यापलीकडे आहे. त्याला हाळी मारायलाही कोणी उभं नव्हतं. तो आला तेव्हा त्याचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. टीम सहावी.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची क्रॉस कंट्री मी पोरांना दरवर्षी सांगायचो. भयंकर ऊन होतं, ३८ जण पळाले आणि शेवटपर्यंत पोचले फक्त १५. नुर्मी पहिला, रितोला दुसरा, दोघंही फिनलंडचे. पण टीमला तिसरा लागत होता. त्यांचा तिसरा लीमाटाइनेन रेषेजवळ येऊन भ्रमिष्टासारखा थांबला, उलटा फिरला, लोकांच्या आरडाओरड्याने परत वळला आणि चालत चालत रेषा ओलांडली. बारावा आला. त्याच्यामुळे फिनलंडला टीमचं सुवर्ण मिळालं. नुर्मीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, मी पोरांकडून लीमाटाइनेनचं नाव पाठ करून घ्यायचो.

पहाटपाचची

जिमखाना सर, ते नाव मला पण पाठ आहे, तुम्हीच म्हणायला लावलं होतंत. आमची एक मैत्रीण त्याला 'लिमलेटवाला' म्हणायची.

पण माळरानदादा, तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये मुलींबद्दल एक वाक्य आहे, 'पाच मुली होत्या'. मुलींचे नंबर गेल्या वर्षी ६, १३, १५, २२ आले. बेरीज ५६, टीम तिसरी. दुसरी टीम ४४ वर होती. आणि जिंकलेल्या टीमच्या चौघींपैकी दोघी गेल्या वर्षी टी.वाय.ला होत्या, त्या आता नाहीत. आपल्या चौघीच्या चौघी आहेत. पहिली ते चौथी सोळा नंबरांचं अंतर, मुलांचं एकोणचाळीस. मग जास्त आशा कुणाकडून ठेवायची?

माळरान_पळ

ताई, बरोबर आहे, चुकलंच माझं. मुलींचा हिशोब मी आत्ता परत बघितला. यंदा खरी टीम मुलींचीच आहे.

भरतीवाला

मी अकॅडमी चालवतो, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ही ट्रॉफी कॉलेजच्या कपाटात बसणार. माझ्याकडच्या पोराला पोलीस भरतीत १६०० मीटर पळायचंय, ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत आला की २० पैकी २०. मुलींना ८०० मीटर. घरी दोन एकर जिरायत रान, बहीण लग्नाची, त्याला नोकरी पाहिजे. तुम्ही त्याला दहा किलोमीटर चिखलात पळवणार, पाय दुखावला की वर्ष गेलं. गेल्या वर्षी तुमचा सातवा आलेला गडी भरती झाला तो माझ्याकडच्या स्पीडवर्कमुळे. यंदा माझ्याकडचे दोघं तुमच्या कॉलेजात आहेत, दोघंही ५:१५ ला पळतात, पण मी त्यांना क्रॉस कंट्रीला सोडायला तयार नाही.

खटावचा_गडी

दोघंही ५:१५?? सर हे दोन गडी द्या की मर्दा, चौथा आणि पाचवा दोन्ही भरून निघतील.

जिमखाना_९६

भरतीवाले सर, नोकरीबद्दल तुमचं शंभर टक्के खरं आहे, त्यावर वाद नाही. पण लांब पळाल्याने सोळाशे बिघडतं हे मला पटत नाही. सोळाशेला पाच मिनिटं लागतात, त्यातला मोठा भाग दमाचाच असतो. शेवटच्या चारशेला पोरं मरतात ती वेग नसतो म्हणून नव्हे, दम संपतो म्हणून. आठवड्यात एक लांब पळणं आणि एक चढाचं पळणं, एवढ्याने पोरगं शेवटच्या राऊंडला उभं राहतं.

अविनाश साबळेचं बघा. बीडमधल्या आष्टी तालुक्यातला पोरगा, बारावीनंतर फौजेत गेला, आधी तिथली ड्यूटी केली आणि मग पळायला लागला ते क्रॉस कंट्रीपासून. तिथे अमरीश कुमार सरांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळवला. २०१८ ला त्याने ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ८:११.२० पळून रौप्य घेतलं. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता, त्यात हा आपला मराठवाड्याचा गडी घुसला.

भरतीवाला

साबळे एकच असतो सर. मी चाळीस पोरांचा विचार करतो.

काळी_माती

मी तुमच्या विरुद्ध बाजूचा, कराडकडचा, गेल्या वर्षी जिंकलेल्या टीमचा माजी खेळाडू. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. तुमचा पहिला गडी आमच्या सगळ्या पोरांपेक्षा भारी आहे हे आम्ही पण मान्य करतो. पण तुमची टीम आमच्याकडे येऊन हरते ते पायाखालच्या मातीमुळे.

तुम्ही मुरमाड माळावर पळता. पाऊल टाकलं की खालून परत ढकलल्यासारखं होतं, पाणी पडलं तरी तासाभरात कोरडं. आमच्याकडं काळी माती, नदीकाठचं रान, सप्टेंबरात पाऊस असला तर बुटाला अर्धा किलो माती चिकटते आणि तुमची पोरं पहिल्या दोन किलोमीटरला माळावरच्याच ढांगा टाकतात. ढांग लांब टाकली की पाय रुततो, उपसायला ताकद जाते, पाचव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड. आमची पोरं बारकी पावलं टाकतात, भरभर. दिसायला बेकार दिसतं पण टिकतं. आणि रान ओलं असेल तर स्पाइकचे, म्हणजे पळायच्या बुटाच्या तळाचे, खिळे लांब लावा, १२ मिलिमीटरचे तरी, आखूड खिळ्यात माती भरली की खिळा नसल्यासारखाच. लेसला डबल गाठ मारून वरून चिकटपट्टी गुंडाळा, गेल्या वर्षी तुमच्या चौथ्या पोराचा एक बूट चिखलात राहिला होता, मी स्वतः बघितलंय, तो मागं फिरून हाताने उपसून घेऊन पुढं गेला.

माळरान_पळ

हे मला माहीतच नव्हतं! तो पोरगा एका शब्दाने बोलला नाही. आम्ही त्याला 'शेवटी का रेंगाळलास' म्हणून बोललो होतो. आज पहाटे भेटतो त्याला.

पहाटपाचची

दादा, आधी त्याला भेटा, बाकी मग लिहा.

काळी_माती

त्याचं टायमिंग तसं वाईट नव्हतं. मधल्या गर्दीत तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्यात मिनिटभराचंही अंतर नसतं. बुटात गेलेल्या वेळात त्याच्या बाजूने किती जण गेले असतील बघा.

जिमखाना_९६

हाच मुद्दा मी वर सांगत होतो, तुम्ही नीट मांडलात. पुढे माणसं विरळ असतात, तिथे अर्धं मिनिट सुधारलं तर एखादा नंबर सुधारतो. मध्ये अर्धं मिनिट म्हणजे आठ-दहा नंबर. म्हणून तुमचा वेळ, खुराक, बूट, सगळं चौथ्या-पाचव्या गड्यावर आधी खर्च करा.

शार्लटचा_माणदेशी

मी म्हसवडचा, सध्या अमेरिकेत शार्लटला असतो. इथे कॉलेजची क्रॉस कंट्री म्हणजे ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत सण असतो. इथे सात पळतात आणि पाच मोजतात, आणि सहावा-सातवा मोजला जात नसला तरी तो दुसऱ्या टीमच्या चौथ्या-पाचव्याच्या पुढे आला तर त्यांचा नंबर एकाने खाली ढकलतो. त्यामुळे इथले कोच सहाव्या-सातव्यालाही 'तुला कुणाला मागे टाकायचंय' हे शर्यतीआधी नाव घेऊन सांगतात. आपल्या पाचव्या-सहाव्याला आपण काय सांगतो? 'पूर्ण कर बाबा' एवढंच.

दुसरं म्हणजे इथली पोरं प्रॅक्टिसला घोळक्याने पळतात. चौघं-पाचजण खांद्याला खांदा लावून, बोलत. शर्यतीतही अर्धं अंतर तसंच. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून प्रॅक्टिसमध्येच शर्यत लागते, एक नंबर पुढे निघून जातो आणि बाकीचे एकेकटे मागे.

रान मात्र इथलं गोल्फच्या हिरवळीसारखं असतं, आपल्या बांधाची आणि ढेकळांची मजा नाही. त्यातल्या त्यात २०१९ ला डेन्मार्कमध्ये आर्हुसला वर्ल्ड क्रॉस कंट्री झाली ती टीव्हीवर बघितली होती, एका म्युझियमच्या गवताळ छपरावरून वर पळवलं होतं सगळ्यांना! तो चढ बघून मला आपलं शिखर शिंगणापूरच आठवलं.

खटावचा_गडी

शिंगणापूरचा विषय निघाला म्हणून सांगतो, चैत्रात मुंगी घाटातून कावड वर चढवताना बघितलीय ना? हाताला हात धरून साखळी लागते. पुढचा कितीही पैलवान असला तरी कावड साखळीनेच वर जाते. आपल्या टीमने दर रविवारी शिंगणापूरचा चढ घोळक्याने मारावा असं मी म्हणतो. पहिला पोचला की वर थांबायचं नाही, खाली यायचं आणि शेवटच्याला घेऊन परत वर.

माळरान_पळ

हे करून बघण्यासारखं आहे. एक नंबरचा पोरगा नाही म्हणणार नाही, त्याचं मन मोठं आहे.

डॉक्टर_पण_पळते

मी फलटणला प्रॅक्टिस करते आणि रोज सकाळी पळते. दोन गोष्टी.

पहिली, नडगी दुखावलेला मुलगा. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की ठणका लागतो का, की पूर्ण नडगीभर दुखतं, हे आधी बघा. एकाच बिंदूला दुखत असेल आणि रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल तर पळणं पूर्ण बंद आणि डॉक्टरला दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते आणि त्यावर पळालात तर मोसम जातोच, वर पुढचे कित्येक महिने जातात. तिथे 'गरम पट्टी बांध आणि पळ' चालत नाही. पूर्ण नडगीभर दुखत असेल तर बहुतेक अंतर एकदम वाढवल्याचा परिणाम आहे, पोहणं, सायकल, पोटरीचे व्यायाम, आणि मग हळूहळू परत.

दुसरी, मुली. पाचही जणींचं हिमोग्लोबिन आणि सोबत फेरिटिन आत्ताच, जुलैतच तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ॲनिमिया. पण हिमोग्लोबिन बरं दिसत असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो आणि मुलगी म्हणते 'मॅडम पाय जड झालेत', घरचे म्हणतात आळस आलाय. रिपोर्ट बघून गोळ्या डॉक्टरने द्याव्यात, आपल्या मनाने नको. आणि जेवणासोबत चहा बंद करा, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा. कुणाची पाळी दोन-तीन महिने चुकली असेल तर ते 'पळण्याने होतंच' म्हणून सोडून देऊ नका, बहुतेक वेळा ती कमी खाण्याची खूण असते. हे त्यांनी सरांना सांगणं अवघड जातं, म्हणून सोबत एक बाई माणूस हवीच.

आजीचा_नातू

हुलग्याचं माडगं प्या म्हणावं रोज, आमची आजी ऐंशीव्या वर्षी पण बांधावरून उडी मारते.

डॉक्टर_पण_पळते

माडगं उत्तमच आहे! हुलगा, मटकी, बाजरीची भाकरी, शेंगदाणा-गूळ हे आपलंच खाणं आहे, परदेशी डबे आणायची गरज नाही. फक्त ते पोटभर पाहिजे. सकाळी दहा किलोमीटर पळून मुलगी दुपारी दीड भाकरीवर राहते, तिथे अडतं.

एक_पालक

नमस्कार. मी इथे पहिल्यांदा लिहितोय. त्या पाच मुलींतली एक माझी आहे, गेल्या वर्षी पंधरावी आली होती. मोबाईलवर टाईप करायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घ्या.

सुरुवातीला मी नाही म्हणत होतो. लोक बोलतात, मुलगी हाफ पँट घालून रस्त्याने पळते म्हणून. तिच्या आईने समजावलं. आमच्याच तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, खो-खो खेळत खेळत पुढं आली, रिओ ऑलिंपिकला फायनल पळाली, ते आम्ही घरात सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं, तेव्हा पोरगी लहान होती, ती टीव्हीसमोर जागच्या जागी पळत होती. ते आठवलं आणि मी हो म्हणालो.

माझी अडचण वेगळी आहे. पहाटे पाचला अंधार असतो, आमच्या वस्तीपासून ग्राउंड चार किलोमीटर. रस्त्याला लाईट नाही, कुत्री आहेत. मी रोज गाडीवर सोडायचो, पण आता माझी ड्यूटी बदलली, मला साडेचारला निघावं लागतं. तिने एकटीने जावं असं मला वाटत नाही आणि तिचं पळणं बंद व्हावं असंही वाटत नाही. दुसरं, तिच्या लग्नाचं एक स्थळ आलंय, मी त्यांना सांगितलंय की बी.ए. पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही. घरात थोडं वातावरण आहे त्यावरून. म्हणून विचारतो, यंदा टीम खरंच चांगली आहे का? असेल तर मला घरात सांगायला बळ येईल.

पहाटपाचची

काका, टीम खरंच चांगली आहे. आणि तुमच्या मुलीचा वाटा त्यात मोठा आहे. ती १५ वी आली नसती, समजा ४० वी आली असती, तर आपली बेरीज ५६ ची ८१ झाली असती आणि टीम कुठच्या कुठे गेली असती.

येण्या-जाण्याचं माझ्यावर सोपवा. मी दहिवडीला असते, स्टाफ नर्स आहे, नाईट नसेल तेव्हा मी स्कूटी घेऊन तुमच्या वस्तीवर साडेपाचला येते. वाटेत अजून एक मुलगी आहे, तिलाही घेऊ. मी स्कूटीवर मागे राहीन, दोघी हेडलाईटच्या उजेडात पळतील, ग्राउंडपर्यंतचे चार किलोमीटर त्यातच होतील. नाईट असेल तेव्हा काय करायचं ते माळरानदादा बघतील. माझा नंबर सरांकडून घ्या, आधी काकूंशी मी बोलते. डॉक्टर मॅडमनी म्हटलेली 'बाई माणूस' म्हणून पण मला धरा. मला त्या वयात अशी कुणी असती तर मी टी.वाय.ला पळणं सोडलं नसतं.

एक_पालक

ताई, फार उपकार होतील.

पहाटपाचची

उपकार नाही काका. मला पण पळायला मिळेल.

जिमखाना_९६

काका, घरात अजून एक सांगा. खेळाडूंना राज्य सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी कोणत्या पातळीवरचं यश लागतं याचे नियम आहेत, झोनलने ते भागत नाही हे आधीच सांगतो. पण झोनलमधून युनिव्हर्सिटीची टीम आणि तिथून अखिल भारतीय आंतरविद्यापीठ असा तो रस्ता जातो. नाशिकची संजीवनी जाधव कॉलेजात असताना याच रस्त्यावर होती, २०१७ च्या तैपेईच्या विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरला रौप्य आणि २०१८ ला चीनमध्ये एशियन क्रॉस कंट्रीत ब्राँझ. तिच्या आधी त्र्यंबकेश्वरकडच्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १० हजारला ब्राँझ. पाणी आणायला मैल मैल चालणाऱ्या वस्तीतली पोरगी. आपल्या पोरींनी एवढं करावंच असं ओझं मी टाकत नाही, पण वाट आहे एवढं घरच्यांना कळलं पाहिजे.

खटावचा_गडी

मुलींना पण १० किलोमीटर आहे का यंदा? आमच्या वेळी कमी होतं.

माळरान_पळ

हो, आपल्याकडे १० च. वर्ल्ड क्रॉस कंट्रीत २०१७ पासून बायकांना पुरुषांइतकंच १० किलोमीटर केलंय. आपल्या मुलींना ते मानवतं, गेल्या वर्षी शेवटच्या तीन किलोमीटरला चौघींनी मिळून बरेच जण मागे टाकले होते. लवकर सुटून दमणं हा आजार मुलांचा आहे.

भरतीवाला

वरचं सगळं वाचलं. पालकांचं वाचून दोन दिवस विचार केला. माझे दोघं मी देतो, पण माझ्या अटीवर. मंगळवार-शुक्रवार माझं स्पीडवर्क चुकवायचं नाही. रविवारचं लांब पळणं तुमच्याकडे. झोनलनंतर भरतीची जाहिरात आलेली असली तर ते युनिव्हर्सिटीच्या कॅम्पला येणार नाहीत, तेव्हा मला फोन करून भरीला पाडायचं नाही. आणि नडगीवाल्या पोराबद्दल डॉक्टर म्हणतात ते आधी करा, मी असली दोन पोरं हातची गेलेली बघितलीयत, त्याच भीतीने वर तसं लिहिलं होतं.

माळरान_पळ

सर, मान्य. कॅम्पचं तुम्ही म्हणाल तसं.

जिमखाना_९६

मला कॅम्पचं मान्य नाही, निवड झाली तर पोराला विचारायला हवं, त्याच्या वतीने आपण दोघांनी ठरवू नये. पण ते तेव्हा बघू. दोघांना पाठवताय, आभार.

माळरान_पळ

तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

बूटवाल्या पोराला भेटलो. म्हणालो, अरे सांगायचंस ना. तर म्हणतो, "सर, बूट माझाच निघाला ना, टीमला काय सांगू." त्याची माफी मागितली. ग्राउंडवर सगळ्यांच्या समोर बोललो होतो म्हणून माफीही सगळ्यांच्या समोर. त्यानंतर तो रोज सगळ्यात आधी येतोय.

नडगीवाल्याचा एक्स-रे आणि तपासणी झाली, चीर नाही, अति पळण्याने सुजलंय. सायकल मारतोय, या आठवड्यात गवतावर दहा-दहा मिनिटं सुरू केलं. झोनलपर्यंत येईल, पण त्याला धरून हिशोब मी करत नाहीये.

मुलींचे रिपोर्ट आले. दोघींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली. त्यातली एक गेल्या वर्षी बावीसावी आलेली, जिला आम्ही 'अजून जोर लाव' म्हणत होतो. डॉक्टर मॅडमनी औषध सुरू केलंय, पैसे घेतले नाहीत, इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही पण लिहितो. काकांची मुलगी रोज येतेय, ताईंची स्कूटी एकदाही चुकली नाही.

काल रविवारी मुलांची ८ किलोमीटरची ट्रायल घेतली. गेल्या जुलैत पहिल्या आणि चौथ्यात साडेचार मिनिटांचं अंतर होतं. काल दोन मिनिटं पन्नास सेकंद. मेंढपाळाचा पोरगा दुसरा, भरतीवाले सरांचे दोघं तिसरा आणि पाचवा, बूटवाला चौथा. एक नंबरचा पोरगा पोचल्यावर पाणी न पिता मागे पळत गेला आणि पाचव्याला घेऊन आला, कुणी सांगितलं नव्हतं. मेंढपाळाच्या पोराला अजून बुटाची सवय होत नाहीये, ट्रायल त्याने अनवाणी पळाली. चिखलात अनवाणी चालेल का, काळी_माती भाऊ?

तर मूळ प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं, मुली पहिल्या दोनात नक्की, औषध लागू पडलं तर पहिल्या. मुलं तिसरी, रान कोरडं मिळालं तर दुसरी. पण आमची ट्रायल मुरमावर झालीय, आणि काळ्या रानाची भीती माझ्या मनातून गेलेली नाही.

काळी_माती

अनवाणी नको, काळ्या रानात ज्वारीचा जुना सड असतो, पायात घुसला तर तिथंच संपलं. जुने मऊ झालेले बूट द्या, नवे देऊ नका, एक नंबर मोठे पण नकोत, चिखलात पहिले तेच निघतात.

खटावचा_गडी

काळ्या रानाचं मी करतो. माणगंगेच्या काठाला माझ्या मामाचं दोन एकर काळं रान आहे, परवाच नांगरट झालीय. पाऊस नसला तर मोटर चालू करून भिजवून ठेवतो. मामाला विचारलं, म्हणाला, "पोरं पळणार असतील तर पेरणी आठ दिवस पुढं ढकलतो."

माळरान_पळ

रविवारी पहाटे सहाला सगळे येतो. मुली पण. मामांना सांगा, चहा आम्ही आणतो.

डॉक्टर_पण_पळते

चहा नको!!

खटावचा_गडी

माडगं ठेवतो मग. आजीच्या नातवाला म्हणावं आजीला घेऊन ये.